खोळंबा की मुक्काम?

परदेशाहून परतलेल्या माणसाला 'प्रवास कसा झाला?' असे विचारले की बहुतेक वेळा एक ठरलेले उत्तर मिळते : 'तसा बरा झाला हो, पण मध्ये पंधरा तासांचा खोळंबा होता.' या उत्तरातला 'खोळंबा' हा शब्द मला गेले काही महिने छळतो आहे. गाडी खोळंबते, काम खोळंबते, एखाद्या मामासाठी लग्नाचा मुहूर्त खोळंबतो. जे व्हायचे ते न होता नुसताच गेलेला वेळ, तो खोळंबा. पण प्रवासातल्या थांबण्याला मराठीत आणखीही शब्द आहेत. पालखीच्या वाटेवर दुपारी विसावा असतो, रात्री मुक्काम असतो. त्या वाटेवर थांबणे हा चालण्याचाच एक भाग मानला गेला आहे. वारकरी विसाव्याला खोळंबा म्हणत नाही. विमानतळावर काढाव्या लागणाऱ्या दिवसाला मात्र आपण दुसरा शब्द शोधण्याचे कष्टही घेत नाही. तो शब्द बदलता येईल का, आणि बदलायचा तर त्यासाठी काय करावे लागेल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम हा दिवस आपल्या वाट्याला येतो कसा ते पाहू. आखातातल्या मोठ्या विमानकंपन्यांचा व्यवहारच मधल्या थांब्यावर उभा आहे. अनेक शहरांतून प्रवासी एका ठिकाणी आणायचे, तेथे त्यांची वाटणी करायची आणि पुन्हा अनेक शहरांकडे त्यांना रवाना करायचे, अशी ही रचना. दोन विमानांमधले अंतर दोन तासांचे असले तर तिकीट बहुधा महाग पडते. पंधरा तासांचे असले तर पुष्कळदा स्वस्त. म्हणजे आपण ज्याला खोळंबा म्हणतो तो आपणच, चार पैसे वाचवण्यासाठी, समजून उमजून विकत घेतलेला असतो. त्यात गैर काही नाही. मात्र विकत घेतलेल्या वस्तूकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हा व्यवहार मराठी माणसाला तरी शोभत नाही.

आगबोटींच्या काळात असा थांबा अटळ होता. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटी एडन आणि पोर्ट सैद या बंदरांवरून जात. कोळसा भरायचा असे, टपाल द्यायचे-घ्यायचे असे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या याच मार्गाने, आणि त्याच वर्षी त्यांचा 'इंग्लंडचा प्रवास' प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या शतकभरात मराठीत प्रवासवर्णनांची रीघ लागली. तिच्याविषयी माझी एक तक्रार आहे. आपल्या प्रवासवर्णनांत निघण्याचे ठिकाण असते, पोहोचण्याचे ठिकाण असते, आणि मधली गावे ही बहुधा परिच्छेदापुरती असतात : थोडा उकाडा, थोडे फेरीवाले, एखादी गंमत, आणि बोटीचा भोंगा. विमान आले आणि तो परिच्छेदही गेला. आता मधल्या गावाचे नाव येते ते केवळ तक्रारीत. ज्या शहरातून आपल्यापैकी हजारो लोक ये-जा करतात, त्याच्याविषयी आपल्या लेखनात काहीच नसावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी खटकायला हवी.

या एका दिवसाचे लोक सामान्यतः तीन प्रकारे काही ना काही करतात. पहिला प्रकार विमानतळावरच बसून राहण्याचा. यात आळस असतो तशी भीतीही असते, आणि ती भीती अनाठायी नाही. परका देश, हातात भारतीय पारपत्र, इमिग्रेशनच्या खिडकीत बसलेला अपरिचित चेहरा. बाहेर पडलो आणि परत येऊ दिले नाही तर? दुसरा प्रकार शहर 'उरकण्या'चा. सहा ठिकाणे, प्रत्येकी पंचवीस मिनिटे, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र. घरी आल्यावर छायाचित्रे दाखवताना कोणती इमारत कोणत्या कामाची होती हे आठवत नाही, आणि ते कोणी विचारतही नाही. तिसरा प्रकार बाजाराचा. तेथे वेळ कसा गेला हे कळत नाही, पैसे कसे गेले हे मात्र नंतर कळते.

मला सुचवायचा आहे तो चौथा प्रकार : एका दिवसात एकच प्रश्न घेऊन बाहेर पडावे. कथा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की लघुकथा ही छोटी कादंबरी नव्हे. तिचा आवाका तिच्या लांबीने ठरतो आणि त्या मर्यादेतच तिचे बळ असते. मधल्या थांब्याचा दिवस हा असाच लघुकथेच्या लांबीचा आहे. त्यात कादंबरी कोंबू गेले की सहा ठिकाणांची पंचवीस-पंचवीस मिनिटे हाती लागतात.

हे विधान उदाहरणाशिवाय पोकळ राहील, म्हणून माझ्याच दिवसाविषयी लिहितो. २०२५ च्या डिसेंबरात युरोपातून मुंबईला परतताना दोह्यात मला पंधरा तास मिळाले. पहाटे साडेपाचला उतरणे आणि रात्री साडेआठला निघणे. भारतापेक्षा घड्याळ अडीच तास मागे. पंधरा तास ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यांतले तीन परतीच्या विमानाआधीचे म्हणून सोडायचे, एक-दीड इमिग्रेशनला आणि झोपाळलेल्या डोळ्यांनी तोंड धुण्याला, दोन येण्याजाण्याला. उरतात साधारण आठ. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी हा हिशेब तिकीट काढतानाच करावा, प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वी तपासावेत (ते पारपत्रानुसार वेगळे असतात आणि बदलत राहतात), सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत पाठवावे, आणि शुक्रवारी सकाळी शहर उशिरा जागे होते हे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात भर दुपारी पायी हिंडण्याचा विचारही करू नये. शिवाय या प्रदेशातले सारे हिशेब शांततेवर अवलंबून आहेत. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली तेव्हा तेथील हवाई हद्द काही तास बंद होती, आणि किती तरी प्रवाशांच्या थांब्याची लांबी त्यांना न विचारता वाढली.

माझा प्रश्न साधा होता. पंढरपुरात जन्मलेला एक माणूस या शहरात काय करीत होता?

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. पुढचे सारे सर्वज्ञात आहे : इंदूरचे बालपण, मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवण्याचे दिवस, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, कीर्ती, घोडे, अनवाणी पाय. देवतांच्या काही चित्रांवरून वादळ उठले, खटले झाले, प्रदर्शनांवर हल्ले झाले आणि २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील अश्लीलतेचे खटले रद्द केले. तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्यांना भारतीय पारपत्र परत करावे लागले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि दफनही तिकडेच झाले. आता २०२५ च्या नोव्हेंबरात दोह्यात त्यांच्या एकट्याच्या कलेला वाहिलेले संग्रहालय उघडले आहे. त्याचे नाव 'लौह व कलम', म्हणजे फलक आणि लेखणी. इमारतीची कल्पना खुद्द हुसेन यांनी काढलेल्या एका रेखाटनावर बेतलेली आहे.

विमानतळापासून तेथवर जाणे सोपे आहे. २०१९ पासून दोह्यात मेट्रो धावते. विमानतळावरून लाल मार्गिकेने मुशैरिबला यायचे, तेथे हिरवी मार्गिका धरायची आणि 'एज्युकेशन सिटी' या स्थानकावर उतरायचे. साध्या डब्याचे भाडे दोन रियाल. परदेशी विद्यापीठांच्या शाखा, ग्रंथालय, मशीद, सारे एकत्र वसवलेला हा परिसर आहे. सगळे नवे, रुंद, स्वच्छ, आणि सकाळी आठ वाजता जवळजवळ निर्मनुष्य. संग्रहालय उघडायला अवकाश होता म्हणून मी आधी कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. रेम कोल्हास या डच वास्तुकाराच्या कचेरीने उभारलेली ही इमारत. आत भिंती आणि मजले असे काही नाहीच म्हणावे. एकच प्रचंड दालन, त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या आणि त्या पायऱ्या म्हणजेच पुस्तकांची कपाटे. मध्यभागी, उत्खननात सापडावे तसे, जमिनीत खोल उतरलेले दगडी दालन आहे. जुनी हस्तलिखिते आणि नकाशे तेथे आहेत. आम्हा शिक्षकांना ग्रंथालय म्हटले की धूळ, टेबलपंखा आणि 'हे पुस्तक बाहेर गेले आहे' हे वाक्य आठवते. येथे एका अनोळखी शहरात, कोणाचीही परवानगी न मागता, मी तासभर वाचत बसलो. दिवसाचा सर्वांत चांगला तास कोणता असे कोणी विचारलेच तर मी बहुधा हाच सांगेन.

नंतर हुसेन. संग्रहालयाचे सविस्तर वर्णन करण्याचा अधिकार मला नाही. मी चित्रकलेचा अभ्यासक नाही आणि माझ्याकडे तीन तास होते. दोनच गोष्टी नोंदवतो. पहिली अशी, की शेवटच्या वर्षांतल्या अरब संस्कृतीविषयीच्या चित्रमालिकेसमोर उभे राहिल्यावर 'निर्वासित कलावंत' ही माझी तयार चौकट नीट बसेना. मी दुःख शोधायला गेलो होतो आणि समोर नव्वदी ओलांडलेल्या माणसाची कामाची भूक होती. नवा इतिहास, नवी लिपी, नव्या कथा तो नव्या विद्यार्थ्यासारखा गिरवीत होता. मृत्यूमुळे ही मालिका अपुरी राहिली. तिच्यात दुःख नसेलच असे नव्हे. पण प्रेक्षकाने ते बरोबर घेऊन जाऊ नये.

दुसरी गोष्ट जवळच्याच एका दालनातली. 'सीरू फिल् अर्द' ही त्यांची अखेरची मोठी रचना. ती २०१९ मध्ये लोकांसाठी खुली झाली. काचेचे घोडे, जुन्या मोटारी आणि नवव्या शतकात उडण्याचा प्रयत्न केलेला अंदलुसचा अब्बास इब्न फिर्नास, हे सारे एका यांत्रिक देखाव्यात फिरू लागते. माणसाच्या संचाराचीच ही कथा : पाय, घोडा, चाक, पंख. शीर्षक कुराणातल्या वचनावरून घेतलेले आहे आणि त्याचा अर्थ 'पृथ्वीवर संचार करा' असा आहे. दोन विमानांच्या मधल्या वेळात हा देखावा पाहणाऱ्याला वेगळे भाष्य लागत नाही.

येथे मला एका मोहाविषयी लिहिले पाहिजे, कारण आपल्या समीक्षेतही तो वारंवार डोके वर काढतो. ते घोडे पाहताना माझ्या मनात प्रथम आले ते वारीतले रिंगण. पंढरपूर, घोडा, वर्तुळाकार धाव. लेखाला केवढा सुंदर धागा! पण हुसेन तान्हे असतानाच आई गेली आणि बालपण इंदूरला सरले. त्यांच्या घोड्यांमागे मुहर्रमच्या मिरवणुकीतला दुलदुल आहे, चिनी कलेतले घोडे आहेत. रिंगणाचा धागा मी जोडला तर तो माझ्या सोयीचा असेल, त्यांच्या चित्रांचा नव्हे. परक्या शहरात आपल्या माणसाला शोधणे आणि सापडताच त्याला पुन्हा आपल्या गावात नेऊन बसवणे, ही वृत्ती प्रेमळ आहे खरी, पण तिच्यामुळे ते शहरही दिसत नाही आणि तो माणूसही. मी तो धागा तेथेच सोडला, आणि या निग्रहाचे मनातल्या मनात कौतुकही करून घेतले.

दुसरा मोह याहून घातक आहे. आपल्या देशाने हाकलले, या देशाने आसरा दिला, म्हणून हा देश उदार आणि आपला कोता, असा निष्कर्ष काढून लेख संपवता येतो. आपल्याकडे जे घडले त्याची लाज वाटायलाच हवी. तीत मला तडजोड करायची नाही. पण ज्या वर्षी हुसेन गेले त्याच वर्षी, २०११ मध्ये, कतारमधल्या मोहम्मद अल-अजमी या कवीला एका कवितेवरून अटक झाली होती. २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली, २०१३ मध्ये ती पंधरा वर्षांवर आली आणि २०१६ च्या मार्चमध्ये माफी मिळून तो सुटला. एका देशाच्या चित्रकाराला आश्रय देणाऱ्या राज्याने स्वतःच्या कवीला तुरुंगात ठेवले होते. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि एकाने दुसरे खोडले जात नाही. आठ तासांच्या पाहुण्याने निदान एवढे करावे की दोन्ही वाक्ये एकाच पानावर लिहावीत.

परतीच्या मेट्रोत मी घरी फोन करून खुशाली सांगत होतो. फोन ठेवल्यावर शेजारी उभ्या असलेल्या, पन्नाशीच्या गृहस्थांनी विचारले, "मुंबईचे का तुम्ही?" स्वतः खेडजवळचे. तिथल्याच एका इमारतीत देखभालीच्या कामावर.

"किती दिवस आहात?"

"दिवस कुठले, रात्रीचं विमान आहे," मी म्हटले.

"अरे! मग जेवायलाच चला म्हटलं असतं. पण रूम लांब आहे हो आपली, आणि मला तीनला ड्यूटी."

मी कोठून येतो आहे ते सांगितले. ती निळी इमारत त्यांना ठाऊक होती. रोज समोरून जाणे होते. आत काय आहे ते ठाऊक नव्हते. मी सांगितले की एका मोठ्या चित्रकाराची चित्रे आहेत, आणि मग, न राहवून, तो पंढरपूरचा होता हेही सांगितले.

"पंढरपूरचे? म्हणजे आपल्याकडचेच की," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "एकदा बघून यायला पाहिजे. सुट्टीच्या दिवशी झोपण्यातच जातं सगळं."

मुशैरिबला ते उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. 'आपल्याकडचेच' या त्यांच्या शब्दाला मी काहीही हरकत घेतली नाही. तासाभरापूर्वीचा माझा निग्रह त्या डब्यात निरुपयोगी होता. माझ्या दृष्टीने जो समीक्षेतला दोष होता, त्याचा त्यांना त्या शहरात एक दरवाजा ढकलून आत जाण्यासाठी उपयोग होणार होता. मी त्यांना एकही चांगला प्रश्न विचारला नाही, हे विमानात बसल्यावर लक्षात आले. किती वर्षे झाली, घरी कोण कोण असते, कधी जाणार. त्यांनी मला जेवायला बोलवता येत नाही म्हणून वाईट वाटून घेतले, आणि मी त्यांना चित्रकाराचे जन्मगाव सांगितले.

हाती अजून अडीच तास होते. मुशैरिबलाच चार जुनी घरे संग्रहालयांत रूपांतरित केलेली आहेत. त्यांपैकी 'बिन जल्मूद' या घरात गुलामगिरीचा इतिहास मांडला आहे. आखातातला, हिंदी महासागरातला आणि खुद्द कतारमधला. मोती काढण्यासाठी समुद्रात बुडी मारणाऱ्यांत गुलामही होते, आणि कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ साली, हे तेथे वाचायला मिळते. एखाद्या राज्याने आपल्या राजधानीच्या मध्यावर हे मांडावे याचे श्रेय दिले पाहिजे. त्याचबरोबर, याच देशात परदेशी मजुराला देशाबाहेर जाण्यासाठी मालकाची परवानगी लागत असे आणि बहुसंख्य कामगारांसाठी ही अट २०१८ मध्ये उठली; नोकरी बदलण्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागत असे, ती अट २०२० मध्ये गेली; हेही त्या घराबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून आठवले पाहिजे. कायदा बदलला की व्यवहार लगेच बदलतो असे आपल्या देशाच्या अनुभवावरून तरी म्हणवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दोह्याला 'तिथे पाहण्यासारखे काही नाही' असे म्हणणारे आणि 'तिथे सहा ठिकाणे पाहा' असे म्हणणारे, दोघेही एक गोष्ट विसरतात. या देशात राहणाऱ्यांतले बहुसंख्य लोक तेथले नागरिक नाहीत. त्यांत भारतीय सर्वाधिक आहेत, नेपाळी आहेत, बांगलादेशी, फिलिपिनो, इजिप्ती आहेत. यांतले बहुतेक कधी ना कधी परत जाण्यासाठीच आलेले आहेत. म्हणजे प्रवासी म्हणून माझा जो एक दिवस मधला आहे, तशी त्यांची वर्षे मधली आहेत. आपण ज्याला खोळंबा म्हणतो त्यात माणसे संसार चालवतात, मुलींची लग्ने करतात, गावाकडे घर बांधतात. हे कळण्यासाठी विमानतळाबाहेर पडावे लागते, आणि हे कळणे हाच मला त्या दिवसाचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो.

मल्याळम साहित्याने या मधल्या आयुष्याला स्थान दिले. बेन्यामिन यांची 'आडुजीवितम्' ही कादंबरी २००८ ची. सौदी अरेबियाच्या वाळवंटात शेळ्यामेंढ्या राखत अडकलेल्या मजुराची ती कथा आहे. दीपक उन्नीकृष्णन यांचे २०१७ चे इंग्रजी पुस्तक अमिरातीतल्या अशाच लोकांविषयी आहे आणि त्याचे शीर्षकच 'टेम्पररी पीपल', तात्पुरती माणसे, असे आहे. रत्नागिरी-रायगडच्या किती तरी घरांतले लोक दोन पिढ्या आखातात जाऊन आले. त्यांचे मराठीत काय आले, हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारला तेव्हा वर्गात शांतता होती, आणि खरे सांगायचे तर मलाही चटकन नाव सुचले नाही. आपल्या प्रवासवर्णनांतून एडन आणि पोर्ट सैद जसे निसटले, तशीच ही माणसेही निसटली असावीत. ती मधल्या गावात राहत होती, आणि मधल्या गावाला आपल्या वाङ्मयात जागा नव्हती.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मला मान्यच आहे. आठ तास हिंडून एका देशाविषयी मते मांडणे हा उद्धटपणा नव्हे काय? आहे. पण आठ दिवस हिंडून लिहिणारेही आपल्याकडे कमी नाहीत. फरक एवढाच की ते दिवस मोजून सांगत नाहीत. प्रवासाविषयी लिहिणाऱ्याने आपण तेथे किती वेळ होतो हे पहिल्याच पानावर लिहावे, अशी माझी सूचना आहे. किती वेळ होतो, भाषा येत होती का, कोणाशी बोललो, कशाच्या जोरावर बोललो. वाचक मग आपले वजनमाप स्वतः करील. मधल्या थांब्याच्या दिवसाला हा एक मोठा फायदा आहे की तो फसवू देत नाही. बोर्डिंग पासावर वेळ छापलेली असते. 'मी दोहा पाहिले' असे म्हणण्याची सोयच नसते. 'मी दोह्यात आठ तास होतो आणि एवढे पाहिले' इतकेच म्हणता येते. प्रवासवर्णन लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला अभ्यास मला सुचत नाही : आठ तास, एक प्रश्न, हजार शब्द.

संध्याकाळी साडेपाचला मी विमानतळावर परतलो. तेथे मध्यभागी, डोक्यावर दिवा खोचलेले, सात मीटर उंचीचे पिवळे अस्वल बसलेले आहे. उर्स फिशर या स्विस कलावंताचे काम. सारे जग त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढते. मीही काढले. मुंबईच्या विमानाच्या रांगेत खोकी बांधलेले, थकलेले, पण घरी निघालेले लोक होते. माझ्या पुढच्या तरुणाने मागे वळून विचारले, "काका, तुम्हालाही खूप वेळ थांबावं लागलं का?"

'खोळंबा' हा शब्द ओठांवर आला होता. मी म्हटले, "पंधरा तास होतो." आणि मग, सकाळी सुचायला हवे होते ते विचारले, "तुम्ही किती वर्षं होता?"